कॅरॅमल-शेंगदाणा चॉकलेट: आहारतज्ज्ञांची उत्तरे

शेंगदाणे आहेत म्हणजे पौष्टिक, हा समज काही जाता जात नाही. म्हणून हे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न: मुलाच्या डब्यात असा बार दिला तर प्रथिनं मिळतील ना?

मिळतील, 4 ग्रॅम. सोबत सुमारे 25 ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे सहा चमचे! 50 ग्रॅमच्या बारमध्ये साधारण 240 कॅलरी असतात. तेवढी प्रथिनं छोट्या मुठीभर भाजक्या दाण्यांत मिळतात. वेष्टनावरचा दाण्यांचा फोटो बघून भुलू नका, मागची घटकांची यादी वाचा. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. साखर आणि ग्लुकोज सिरप वेगळे लिहिले, तरी हिशोब एकच.

प्रश्न: त्यापेक्षा गुळाची चिक्की बरी ना?

दाणे जास्त म्हणून बरी. गुळामुळे नव्हे.

प्रश्न: शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. दाणे काढून खाल्लं तर?

अजिबात नाही. अ‍ॅलर्जीतज्ज्ञांना भेटा.

प्रश्न: वडील इन्सुलिन घेतात. शुगर उतरली तर असावं म्हणून हेच चॉकलेट खिशात ठेवतात. चालेल?

आजच काढा. ऐकीव सल्ल्यांतला हा सगळ्यात धोक्याचा. चॉकलेट आणि दाण्यांतल्या स्निग्धांशामुळे जठर सावकाश रिकामं होतं, साखर रक्तात उशिरा पोचते. घाम फुटलाय, हात थरथरताहेत, तेव्हा कॅरॅमल चघळत बसायला वेळ कुठे असतो? शुगर 70 च्या खाली गेली की 15 ग्रॅम ग्लुकोज पावडर पाण्यातून द्या. नसेल तर तीन-चार चमचे साखर. मधुमेहासाठीची व्होग्लिबोज किंवा अ‍ॅकार्बोजची गोळी चालू असेल तर मात्र ग्लुकोजच हवं, कारण त्या गोळ्या साध्या साखरेचं पचन लांबवतात. 15 मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून कमी असेल तर पुन्हा द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, 108 ला फोन करा. आणि असं वरचेवर होत असेल, तर ‘पुढच्या तपासणीला सांगू’ म्हणून थांबू नका. डोस बदलायचा का, ते डॉक्टरांना लगेच विचारा.

प्रश्न: मधुमेहींना ‘शुगर-फ्री’ कॅरॅमल बार चालतो का?

‘शुगर-फ्री’ म्हणजे कॅलरी-फ्री नव्हे. त्यात बहुधा माल्टिटॉल, म्हणजे साखरेऐवजी वापरलं जाणारं गोडवा देणारं द्रव्य असतं. ते रक्तातली शुगर कमी वाढवतं, पण वाढवतंच; जास्त खाल्लं तर पोट गुडगुडतं, जुलाब होतात. स्निग्धांश तर तसाच राहतो. किती चालेल, ते एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी शुगर सांगणारी रक्तचाचणी) दाखवून आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्या.