आधी गुरू ठरवा, मग कॉलेज

प्रश्न: मुलगा यंदा बारावी झाला. लहानपणापासून गावातल्या गुरुजींकडे तबला शिकतोय, मध्यमा परीक्षा पूर्ण झाली आहे, भजनाला साथ करतो. त्याला तबल्यातच पुढे जायचं आहे. पणजीचं म्युझिक कॉलेज घ्यावं, की पुण्याला एका नामवंत वादकांकडे पाठवावं? ह्यांचं म्हणणं, आधी बी.कॉम. कर.
– एक आई, साखळी

ताई, कॉलेजचा फॉर्म नंतर भरा, आधी गुरूचं ठरवा. पुण्याच्या वादकांचं वादन तुम्ही ऐकलंय, शिकवणं नाही. मुलाला घेऊन जा, त्यांच्या परवानगीने दोन तास शिकवणीत नुसते बसा आणि कान शिष्यांकडे ठेवा. सगळ्यांचे हात स्वच्छ आहेत, की एकाच लाडक्याचा? कुणाचा ‘तिरकिट’ हा बोल अडखळला तर गुरू लय निम्म्यावर आणून बोटाची जागा दाखवतात, की ‘घरी रियाज कर’ म्हणून पुढे सरकतात? कायदा (ठरावीक बोलांची मूळ रचना) दिल्यावर त्याचे पलटे, म्हणजे त्याच बोलांचे वेगवेगळे विस्तार, मुलाला स्वतः रचायला लावतात का? महिन्यातून किती दिवस दौऱ्यावर असतात, तेही शिष्यांनाच विचारा.

भजनात वाढलेल्या आपल्या मुलांचा हात तयार असतो, लग्ग्या, म्हणजे भजनातले जलद बोल, झरझर वाजतात. अडतं ते विलंबित, म्हणजे अगदी संथ लयीच्या, एकतालात. बारा मात्रांचा तोच ठेका वीस-पंचवीस मिनिटं धरायचा, लय चढू द्यायची नाही, गायकाच्या मध्ये यायचं नाही. हे शिकवणीत बसून पुरतं येत नाही, ख्याल, म्हणजे शास्त्रीय गायन, गाणाऱ्यासोबत बसावं लागतं. म्हणून शिष्याला साथीला बसवणारा गुरू शोधा. तो गोव्यातही मिळेल. लयीवरच्या प्रभुत्वासाठी नावाजलेल्या लयब्रह्मभास्कर खाप्रुमामा पर्वतकरांच्या या भूमीत लयीचं शिक्षण नाही, असं समजून मुलाला लगेच बाहेर धाडू नका.

कॉलेजचं म्हणाल, तर पणजीतलं, अल्तिनोचं गोवा कॉलेज ऑफ म्युझिक घ्या. तिथली बीपीए (बॅचलर ऑफ परफॉर्मिंग आर्ट्स) ही गोवा विद्यापीठाची पदवी. विशारद जरूर करावी, पण ती गांधर्व महाविद्यालय मंडळाची परीक्षा, पदवीच्या जागी ती धरू नका. उद्या कॉलेजात शिकवायचं झालं तर सहसा संगीतात एम.ए.सारखी पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदासाठीची पात्रता परीक्षा लागते. नेटला संगीत हा विषय आहे, हे त्याच्या वडिलांना मुद्दाम सांगा. त्यांची काळजी रास्तच आहे, पण बी.कॉम.चे तास आणि शिकवण्या सांभाळून चार तासांचा रियाज निभत नाही. साखळीहून पणजीला कदंबाच्या बसने रोज जाऊन-येऊन करता येईल. पुणे सुट्टीत ठेवा, तेही तिथली शिकवणी मनाला पटली तर.

शिवाय केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे: वय 18 ते 25, दरमहा 5,000 रुपये, दोन वर्षं. त्यासाठी गुरूकडे किमान पाच वर्षं शिकल्याचा दाखला लागतो. तो तुमचे गावातले गुरुजीच देऊ शकतील. तेव्हा पुण्याला फोन करण्याआधी मुलाला घेऊन त्यांच्याकडे जा आणि मनातलं सगळं त्यांच्या कानावर घाला.