वाचकांचे प्रश्न : महागडा सिगार खरोखरच सरस असतो का?

प्रश्न : माझे वय 61 असून गेली वीस वर्षे मी महिन्यातून एखाददुसरा सिगार ओढतो. तो बहुधा निकाराग्वा किंवा डॉमिनिकन प्रजासत्ताकातला, मध्यम किमतीचा असतो. यंदा जूनमध्ये जावई परदेशातून आले, तेव्हा त्यांनी क्यूबातील एका अत्यंत नावाजलेल्या सिगारांची पेटी आणली. त्यातल्या एका सिगाराची किंमत माझ्या नेहमीच्या सहा सिगारांइतकी आहे. ऑगस्टमध्ये पेटी उघडली. पहिला सिगार इतका गच्च होता की धूर ओढताना गाल दुखले, आणि तो दोनदा विझला. दुसऱ्याची चव चांगली होती, पण सहापट चांगली मुळीच नव्हती. महाग सिगार खरोखरच सरस असतो, की माझी जीभच त्या योग्यतेची नाही? महाग सिगार प्रकृतीला कमी अपायकारक असतो, असे एक स्नेही म्हणतात, तेही खरे आहे का? जावयांना काय सांगावे? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपल्या जिभेत काहीही उणे नाही. पहिल्या सिगाराचा दोष कारखान्याला देण्याआधी मात्र आपण पेटी कोणत्या महिन्यात उघडलीत, ते लक्षात घ्यावे. सिगार साधारण 65 ते 70 टक्के आर्द्रतेत राहावा लागतो. कोल्हापुरात ऐन पावसाळ्यात घरातली हवा त्याहून कितीतरी दमट असते. तंबाखूचे पान ही ओल शोषून फुगते, आतली धुराची वाट बुजते, सिगार ओढला जात नाही आणि पेटता राहत नाही. आपल्या पत्रातली दोन्ही लक्षणे नेमकी हीच आहेत. आपला नेहमीचा सिगार दुकानातून आणल्यावर लगेच ओढला जात असणार, आणि ही पेटी दोन महिने कपाटात राहिली; म्हणजे ही तुलना दोन सिगारांची नव्हतीच, एका नीट ठेवलेल्या आणि एका ओल धरलेल्या सिगाराची होती.

आता मूळ प्रश्न. किंमत वाढते तसा सिगार सुधारतो, हे एका पायरीपर्यंत अगदी खरे आहे. सर्वांत स्वस्त, यंत्रावर वळलेल्या सिगारात आत पानांचा चुरा असतो आणि त्याभोवती पुष्कळदा तंबाखूची भुकटी लगद्यात मिसळून कागदासारखी लाटलेली पट्टी गुंडाळलेली असते. त्याची राख लगेच झडते आणि धूर तोंडाला चटका देतो. हाताने वळलेल्या चांगल्या सिगारात सिगाराच्या लांबीएवढी अख्खी पाने असतात. त्याचे पेटवायचे टोक उजेडात धरून पाहिले, तर लुगड्याच्या निऱ्यांसारख्या पानांच्या घड्या दिसतात, आणि त्या घड्यांच्या फटींतूनच धूर येतो. झाडाच्या शेंड्याकडची जाड, कडक पाने सावकाश जळतात म्हणून ती मधोमध ठेवायची, मधली पाने सुगंधासाठी आणि खालची पाने नीट पेटण्यासाठी घालायची, हा वळणाऱ्याच्या हातचा हिशेब असतो. त्याआधी पाने छपरात टांगून महिना-दीड महिना वाळवलेली, ढीग रचून आंबवलेली आणि पुढे काही काळ, कधी वर्षानुवर्षे, मुरवलेली असतात. या मुरण्याला पैसा लागतो, कारण तेवढा काळ माल वखारीत नुसता पडून असतो. माझे बालपण निपाणीच्या वखारींच्या आसपास गेले. तिथला तंबाखू विडीचा, सिगाराचा नव्हे. पण पान चिमटीत चुरून नाकाशी नेल्याखेरीज भावाची गोष्टच न काढणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि सिगाराच्या बाबतीतही हाच क्रम योग्य आहे असे मला मनापासून वाटते.

या पायरीच्या वर जी किंमत वाढते, ती बहुतांशी पानाची नसते. काही भाग डोळ्यांसाठी असतो. पेटीतले सगळे सिगार एकाच छटेचे दिसावेत म्हणून ते रंगानुसार निवडून लावतात, आणि वरच्या पानावर एखादा डाग किंवा जाड शीर असली तर तो सिगार बाजूला काढतात. असे बाजूला काढलेले सिगार काही कारखाने नावाची पट्टी न लावता जुड्यांनी, बऱ्याच कमी भावात विकतात. आत तेच भरण असते. परवडणाऱ्या किमतीत उत्तम सिगार हवा असणाऱ्याने याच जुड्या शोधाव्यात, कारण बाजारात याहून चांगला सौदा क्वचितच मिळतो.

उरलेला भाग नावाचा आणि दुर्मिळतेचा. कोहिबा हे क्यूबातील सिगाराचे नाव 1966 साली पुढे आले, तेव्हा ते सिगार क्यूबाचे नेते फिडेल कॅस्ट्रो यांच्यासाठी आणि सरकारी भेटींसाठी वळले जात. सर्वसाधारण विक्री 1982 पासून सुरू झाली. त्याची काही पाने तिसऱ्यांदा आंबवली जातात, आणि हा फरक चवीत उतरतो, हे मी मान्य करतो. परंतु 2022 साली कोहिबा आणि त्रिनिदाद या नावाचे क्यूबातलेच दुसरे सिगार यांचे भाव जगभर हाँगकाँगमधल्या चढ्या भावांच्या पातळीवर नेले गेले, तेव्हा अनेक बाजारांत ते जवळपास दुप्पट झाले. पाने तीच होती आणि वळणारे हातही तेच होते. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात इयान चक्रीवादळाने क्यूबातील पिनार देल रिओ प्रांतात तंबाखू वाळवण्याची हजारो छपरे पाडली आणि टंचाईत भर पडली.

क्यूबा या शब्दाचे वजनही काही अंशी इतिहासाने वाढवले आहे. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष केनेडी यांनी फेब्रुवारी 1962 मध्ये क्यूबाशी व्यापारबंदी जाहीर करण्याच्या आदल्या रात्री आपले माध्यम सचिव पिएर सॅलिंजर यांना सिगारांची बेगमी करायला सांगितले होते आणि सॅलिंजर यांनी बाराशे सिगार मिळवले, ही हकीकत त्यांनी स्वतःच सांगितलेली आहे. जे मिळत नाही त्याचा मोह वाढतो. पण क्यूबातील कारखान्यांचे 1960 मध्ये राष्ट्रीयीकरण झाल्यावर कितीतरी जाणती घराणी देश सोडून गेली आणि पुढे डॉमिनिकन प्रजासत्ताक, होंडुरास, निकाराग्वा येथे तीच विद्या रुजली. निकाराग्वातील एस्तेली शहराच्या परिसरात आज वळला जाणारा चांगला सिगार दुय्यम मानण्याचे मला काहीही कारण दिसत नाही. आपण वीस वर्षे जो ओढत आहात, तो त्याच परंपरेतला आहे.

नावाने चव बदलते, हेही खोटे नाही. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी 2008 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकच वाइन लोकांना दोन वेगवेगळ्या किमती सांगून दिली, तेव्हा महाग म्हणून दिलेली त्यांना अधिक आवडली. आपल्याला सिगार सहापट चांगला वाटला नाही, याचा अर्थ आपण किमतीकडे न पाहता चव घेतलीत.

प्रकृतीविषयीचे आपल्या स्नेह्यांचे म्हणणे मात्र साफ चुकीचे आहे. एका मोठ्या सिगारात सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढा तंबाखू असू शकतो. धूर छातीत न घेताही तोंड, घसा, स्वरयंत्र आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका वाढतो, आणि त्यात महाग-स्वस्त असा भेद नाही. मुरवलेल्या पानाचा धूरही धूरच असतो. नातवंडे घरात असतील तर त्या खोलीत सिगार पेटवूच नये. आपण महिन्याला एखाददुसऱ्यावर थांबला आहात, तो आकडा आणखी खाली आणता आला तर अवश्य आणावा.

पेटीचे असे करावे. उरलेले सिगार घट्ट झाकणाच्या डब्यात, 65 टक्के आर्द्रता राखणाऱ्या पाकिटासह, डांबरगोळ्यांपासून दूर ठेवावेत. फ्रिजच्या खणात ते उघडे ठेवू नयेत, तिथली हवा कोरडी असते. पानावर टाचणीने टोचल्यासारखी भोके दिसली, तर ती किडीची समजून तो सिगार वेगळा काढावा. दिवाळीनंतर एक सिगार घेऊन तो बोटांत हलके दाबत टोकापर्यंत जावे. कुठे गाठ लागत नसेल तर कापून, न पेटवताच एक झुरका घेऊन पाहावा. वाट मोकळी असेल तर त्याची आणि आपल्या नेहमीच्या सिगाराची पट्टी कोणाकडून तरी काढून घ्यावी आणि महिन्याच्या अंतराने, कोणता कुठला ते न विचारता, दोन्ही ओढावेत. जावयांना तोवर एवढेच कळवावे की पेटी मुरायला ठेवली आहे. ते खरेही असेल.