डायलिसिसनंतरही क्रिएटिनिन पाच? आधी युरिया किती टक्के उतरला ते बघा

तुमचा प्रश्न असा आहे की वडिलांचं नाशिकमध्ये आठवड्यातून दोनदा डायलिसिस होतं, तरी नंतरच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन पाचच्या आसपास येतं, मग रक्त खरंच साफ होतंय का. मी इथेच डायलिसिस टेक्निशियन आहे. नातेवाइकांकडून हा प्रश्न सतत येतो, आणि तो विचारायलाच हवा.

पहिल्यांदा क्रिएटिनिनची धास्ती सोडा. डायलिसिसनंतर ते नॉर्मलला येत नसतं. ते स्नायूंतून तयार होतं, त्यामुळे अंगाने भरलेल्या माणसाचं जास्त आणि खंगलेल्याचं कमी दिसतं. डायलिसिसआधीचा युरिया, म्हणजे खाल्लेल्या प्रथिनांपासून रक्तात जमणारा कचरा, कमी आला म्हणूनही लगेच खूश होऊ नका. पेशंट जेवतच नसेल तरी तो कमी येतो.

बघायचं ते हे, की एका बैठकीत युरिया किती टक्के उतरला. याला आम्ही यूआरआर म्हणतो. समजा आधी 140 होता आणि नंतर 42 झाला, तर 98 उतरला, म्हणजे 70 टक्के. छान. तोच 56 वर थांबला तर उतार 60 टक्केच. आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणाऱ्यासाठी किमान 65 टक्के धरतात. मात्र दोन्ही रक्तं त्याच दिवशीची आणि त्याच लॅबची हवीत.

दुसरा आकडा केटी बाय व्ही. के म्हणजे मिनिटाला किती रक्तातला युरिया पूर्ण निघतो, टी म्हणजे वेळ, व्ही म्हणजे शरीरातलं एकूण पाणी. साधारण साठ किलोच्या पुरुषात ते 35 लिटर धरा. मशीनवरचा रक्त गाळणारा फिल्टर मिनिटाला 200 मिली साफ करत असेल तर चार तासांत 48 लिटर होतात. 48 भागिले 35, म्हणजे 1.37. किमान 1.2 हवा, आणि 1.4 चं लक्ष्य ठेवतात. आता यातला अर्धा तास काढून बघा. 42 लिटर उरतात आणि आकडा थेट 1.2 वर येतो, अगदी काठावर. प्रत्यक्षात डॉक्टर वापरतात त्या सूत्रात काढलेलं पाणी आणि वजनही धरतात, पण वेळेचा हिशोब असाच चालतो.

म्हणून ‘दादा, आज अर्धा तास आधी सोडा’ हे ऐकलं की माझा जीव तुटतो. निफाड-दिंडोरीकडचे पेशंट द्राक्षतोडणीच्या दिवसांत हमखास म्हणतात, कारण घरी मजूर खोळंबलेले असतात, शेवटची एसटी गाठायची असते. अडचण खरी असते, पण ती मिनिटं नंतर कुठूनही भरून निघत नाहीत. वडील वेळेआधी उतरतात का, हे आधी बघा. ‘चार तास’ म्हणजे प्रत्यक्ष रक्त फिरण्याचे चार तास. सुया टोचणं आणि अलार्ममुळे पंप थांबणं त्यात धरत नाहीत.

नंतरचं रक्त कसं घेतलं, यावरही सगळं अवलंबून असतं, आणि गफलत होते ती बहुतेक इथेच. डायलिसिस संपताना आम्ही पाणी काढणं बंद करतो, रक्ताचा पंप मिनिटाला 100 मिलीवर आणतो, पंधरा सेकंद थांबतो आणि मग फिल्टरच्या आधीच्या, लाल नळीतून रक्त घेतो. घाईत पंप कमी न करता घेतलं, किंवा सलाईनने रक्त परत दिल्यावर घेतलं, तर युरिया खोटा कमी येतो आणि यूआरआर फुगतो. फिल्टरनंतरच्या निळ्या नळीतून घेतलं तरी तेच. उलट अर्ध्या तासाने घेतलं तर पेशींतला युरिया रक्तात परत आलेला असतो, युरियाचा आकडा वाढतो आणि यूआरआर कमी दिसतो. ‘पोस्टचं सॅम्पल कसं घेता?’ असं टेक्निशियनला मोकळेपणाने विचारा. राग यायचं काही कारण नाही.

यूआरआर सतत कमी येत असेल तर वेळेनंतर रक्ताचा प्रवाह बघतात. फिस्टुला (सुया टोचण्यासाठी ऑपरेशनने जोडून केलेली हातातली रक्तवाहिनी) अरुंद झाली असेल किंवा दोन सुया फार जवळ असतील तर साफ झालेलंच रक्त पुन्हा मशीनमध्ये ओढलं जातं. कॅथेटरवर, म्हणजे मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीवर, प्रवाह मुळात कमी मिळतो. फिल्टरमध्ये गुठळ्या धरतात. फिल्टर धुऊन पुन्हा वापरत असतील तर त्याची आतली क्षमता मूळच्या 80 टक्क्यांखाली गेली की तो टाकून द्यायचा असतो. दर वेळी मोजमाप करून नोंद ठेवतात का, तेही विचारा.

तुमच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचं मात्र वेगळंच आहे. 65 टक्के आणि 1.2 हे आकडे आठवड्यातून तीन बैठकांचे आहेत. दोनदाच होत असेल तर तेवढ्यावर समाधान मानू नका. वडिलांना अजून लघवी होते का? होत असेल तर चोवीस तासांची साठवून तपासा, कारण स्वतःची किडनी थोडी चालत असेल तर दोनदा भागू शकतं. लघवी जवळजवळ बंद असेल तर तिसऱ्या बैठकीबद्दल नेफ्रॉलॉजिस्टशी (किडनीच्या डॉक्टरांशी) स्पष्ट बोला. पैशाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस आहे. कार्ड आणि कागदपत्रं घेऊन योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, भेटा.

आणि आकडा उगाच वर ताणायच्या मागेही लागू नका. अमेरिकेत तीनदा डायलिसिस घेणाऱ्या 1,846 पेशंटवर झालेल्या हेमो अभ्यासात, 2002 मध्ये, नेहमीपेक्षा जास्त डोस दिल्याने मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही. युरिया हा कचऱ्याचा एक नमुना आहे. फॉस्फरस, हिमोग्लोबिन, बीपी, दोन बैठकींमधलं वाढलेलं वजन, भूक, रात्रीची झोप, हे यूआरआरमध्ये दिसत नाही, ते वेगळं बघावं लागतं.

पुढच्या महिन्याच्या तपासणीत आधीचा आणि नंतरचा युरिया, चाललेली खरी मिनिटं, काढलेलं पाणी आणि उतरतानाचं वजन एवढं वहीत लिहून घ्या. इथे टाकलंत तर गणित करून देईन. बदल काय करायचा, ते मात्र तुमचे डॉक्टरच ठरवतील.