४० हजारांत रायझन ५ ७५२०यू घ्यावा की कोअर आय३-१२१५यू?

तुमची मुलगी बीसीएसच्या पहिल्या वर्षाला, या दोन प्रोसेसरांच्या दोन्ही लॅपटॉपांत ८ जीबी रॅम, ५१२ची एसएसडी, आणि दुकानदार म्हणतोय, "पाच तीनापेक्षा मोठा, त्यात सात हजारी सिरीज, डोळे झाकून घ्या." मी तुमच्या जागी असतो तर आय३ घेतला असता.

३, ५, ७ म्हणजे शाळेच्या इयत्ता नव्हेत. एका कंपनीचा (रायझनवाल्या एएमडीचा) पाच दुसरीच्या (इंटेलच्या) तीनाला हरवेलच असं काही नसतं, आणि एकाच कंपनीतही गोंधळ असतो. सात हजारी रायझनमध्ये आतल्या कोअरची, म्हणजे प्रत्यक्ष काम करणाऱ्या भागांची, पिढी तिसरा आकडा सांगतो. ७५२०यूमध्ये तो २ आहे, म्हणजे झेन २. ही रचना २०१९ची. त्यात ४ कोअर, ८ थ्रेड (एका वेळी हाताळता येणाऱ्या कामांच्या रांगा). रायझन ३ ७३२०यूमध्येही तेवढेच, फक्त क्लॉक स्पीड जरा कमी. आणि नावावरून म्हातारा वाटणारा ५५००यू? तोही झेन २च, पण ६ कोअर, १२ थ्रेडचा. दुकानातल्या स्टिकरवरून हे कुणाला कळणार!

आय३-१२१५यू २०२२चा आहे. २ मोठे आणि ४ छोटे कोअर, एकूण ८ थ्रेड. प्रोग्रॅम उघडणं, जड वेबसाइट लोड होणं, छोटा कोड कंपाइल होणं (लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनणं) ही कामं बहुतेक एकट्या कोअरच्या ताकदीवर चालतात आणि तिथे याचे मोठे कोअर स्पष्ट पुढे आहेत. बॅटरीच्या बाबतीत मात्र ७५२०यूला नावं ठेवता येणार नाहीत. काम वर्ड आणि यूट्यूबपुरतंच असतं, तर मीही नाक मुरडलं नसतं.

माझं खरं कारण रॅमचं आहे. ७५२०यूला फक्त एलपीडीडीआर५ रॅम चालते आणि ती बोर्डावरच सोल्डर केलेली, म्हणजे कायमची जोडलेली, येते. आज ८ घेतली की शेवटपर्यंत ८. भाच्यासाठी मी असाच एक सोल्डरवाला लॅपटॉप घेऊन बसलोय (चूक माझीच, विचारलंच नव्हतं). दुसऱ्या वर्षी अँड्रॉइड स्टुडिओ (मोबाइल अ‍ॅप बनवायचं सॉफ्टवेअर), एम्युलेटर (त्यातला नकली फोन) आणि क्रोमचे दहा टॅब एकत्र उघडले, की पोरगं चहा करून येतं तरी स्क्रीन तशीच. प्रोसेसर बिचारा रिकामा बसलेला असतो.

आय३वाल्या पुष्कळ मॉडेलांत रॅमची खाच असते, पण सगळ्यांत नाही. म्हणून दुकानातच डेमो पीस चालू करून कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्समध्ये मेमरी उघडा. फॉर्म फॅक्टरपुढे 'सोडिम' (SODIMM) लिहिलेलं असेल तर पट्टी बदलता येते. 'रो ऑफ चिप्स' (Row of chips) असेल तर ती बोर्डावरची. काही मॉडेलांत थोडी बोर्डावर आणि वर एक खाच असंही असतं, तेही चालेल. पुढे ८ची पट्टी घातली की रॅम दोन चॅनलवर (डेटाच्या दोन वाटांनी) चालते आणि ग्राफिक्सलाही थोडा दम येतो.

सेलेरॉन एन४०२० प्रोसेसरचा लॅपटॉप स्वस्तात दाखवला तर हात जोडा, २ कोअरमध्ये तिचं काही होणार नाही.

आणि दोन-तीन हजार वाढवून रायझन ५ ७५३०यू मिळत असेल (तिसरा आकडा ३, ६ कोअर, १२ थ्रेड), रॅमची खाचही असेल, तर आय३ राहू द्या, तोच उचला.