सोडताना शून्य म्हण

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

अकरावी सुरू होऊन दीड महिना झाला नाही तोच 'मामा, फिजिक्स डोक्यावरून जातंय' असं लिहिलंस. जाणारच. दहावीपर्यंत ज्याला तू त्वरण म्हणायचीस त्याचं आता अ‍ॅक्सिलरेशन झालं, संवेगाचं मोमेंटम. निम्मं ओझं या भाषेचंच आहे. वहीच्या मागच्या पानावर जोड्या लिहीत जा, दिवाळीपर्यंत उतरेल.

गणितासाठी मात्र थांबून राहू नकोस. फिजिक्सच्या तासाला डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा दर, लवकर येतं, गणिताच्या तासाला उशिरा. हा दोष वेळापत्रकाचा, तुझा नव्हे. तोवर एवढं धर: अंतराच्या आलेखाचा चढ म्हणजे वेग, वेगाच्या आलेखाचा चढ म्हणजे त्वरण.

सीईटीला फिजिक्स-केमिस्ट्रीचे 100 प्रश्न 90 मिनिटांत सोडवायचे असतात, तेव्हा क्लासवाल्यांचे शॉर्टकट लागतील. ते पुढच्या वर्षी बघू. सध्या लिफ्टचं गणित आलं की आधी एक चौकोन काढ आणि त्यावर बलांचे बाण. वजन खाली, दोराचा ताण वर. लिफ्ट वर चाललीय म्हणून 'गतीचं बल' असा तिसरा बाण काढायला हात शिवशिवेल. नाही काढायचा.

आता प्रॅक्टिकल. बारावीला लेखी 70 आणि प्रॅक्टिकल 30, त्यामुळे ते 30 फुकटचे, असं वर्गात कानावर येईल. मीही तसंच समजायचो. सिंपल पेंडुलमच्या प्रयोगात 'जी' ची, म्हणजे गुरुत्वीय त्वरणाची, किंमत शेजारच्याच्या जर्नलमधून नेमकी 9.8 उतरवली होती. तोंडी परीक्षेत सरांनी एवढंच विचारलं, "मोजायला सुरुवात कुठून केलीस?" मी जमिनीकडे बघत उभा.

म्हणून तू घरी करून बघ. खिडकीच्या गजाला दोरा बांध, खाली लहानसं कुलूप. गाठीपासून कुलपाच्या मध्यापर्यंत 1 मीटर. वीतभरही नको, चार बोटं बाजूला घे आणि सोड. जाऊन परत आलं की एक झोका. असे वीस व्हायला साधारण 40 सेकंद लागतात. बहुतेक जण सोडतानाच 'एक' म्हणतात. मग तोंडी वीस होतात, झोके एकोणीसच, आणि 'जी' 9.8 च्या जागी 10.8 च्या आसपास जाऊन बसतो! सोडताना 'शून्य' म्हणायचं. नंतर दोरा 25 सेंमी कर. लांबी पाव झाली तरी वेळ पाव होत नाही, निम्मा होतो. झोक्याच्या वेळेच्या सूत्रात लांबीवर असलेलं वर्गमूळ तिथे काय करतंय, ते तेव्हा कळेल.

रविवारी दोन्ही लांबींचे आकडे पाठव. 40.6 आलं तर 40.6 च लिही, 40 करू नकोस. आणि आईला सांग, कुलूप संध्याकाळी परत मिळेल.

तुझा,
मामा