ढिगाऱ्याखालचे सोने : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : न्यू यॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरखाली सोन्याचा साठा होता म्हणतात. तो सापडला की कुणी लंपास केला? (सांगली)

उत्तर : सापडला. ११ सप्टेंबर २००१ रोजी दक्षिण मनोरा कोसळला, तेव्हा शेजारची चार क्रमांकाची नऊमजली इमारत त्याच्याखाली चिरडली गेली. तिच्या तळघरात कॅनडाच्या बँक ऑफ नोव्हा स्कोशियाची तिजोरी होती. त्यात सुमारे ३ लाख ७९ हजार औंस सोने आणि सुमारे ३ कोटी औंस चांदी होती. मौल्यवान धातूंचा औंस ३१.१ ग्रॅमचा असतो. म्हणजे सोने पावणेबारा टन आणि चांदी सव्वानऊशे टनांहून जास्त. त्या वेळच्या भावाने दोन्ही मिळून साधारण २३ कोटी डॉलर.

नाव सोन्याचे झाले, पण खरी मेहनत चांदीने घेतली. तिथल्या वायदेबाजारात सोन्याची वीट १०० औंसांची, म्हणजे सव्वातीन किलोच्या आत. ती एका हाताने उचलता येते. चांदीची वीट १,००० औंसांची, म्हणजे ३१ किलोंची. अशा विटा तीस हजारांच्या घरात. दहा टनी ट्रकमध्ये सव्वातीनशे विटा धरल्या, तरी नव्वदहून अधिक खेपा होतात. तिथे पोहोचायची वाट ऑक्टोबरअखेर मोकळी झाली आणि कडक पहाऱ्यात धातू बाहेर काढला गेला. वरच्या ढिगाऱ्यात माणसांचे अवशेष शोधण्याचे काम चालू होते. ते पहिले, धातू नंतर, आणि तसेच असायला हवे.

अशा खोदकामात आणखी एक धोका असतो. ढिगारा तळघराच्या भिंतींना आतून टेकू देत असतो. तो उपसला की बाहेरची माती आणि पाणी भिंत आत ढकलते. तिथली भिंत तीन फूट जाडीची काँक्रीटची होती. तीही सरकू लागल्यावर पोलादी ताण-दोऱ्या तिरप्या खडकात रोवून ती बांधून घ्यावी लागली. उपसा आणि बांधणी बरोबरीनेच चालते.

अफवांचे मूळ बहुधा दोन साठ्यांच्या गोंधळात आहे. थोड्याच अंतरावर, लिबर्टी स्ट्रीटवर, फेडरल रिझर्व्ह बँकेच्या (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या) तळघरात अनेक देशांचे मिळून सहा हजार टनांहून अधिक सोने आहे. ते रस्त्याखाली ८० फुटांवर, थेट खडकावर ठेवलेले. त्याला धक्का लागला नाही. ते आकडे इथे चिकटवले की 'सोने गायब' होते. शिवाय प्रत्येक विटेवर शुद्ध करणाऱ्याचा शिक्का, क्रमांक, वजन आणि शुद्धता ठोकलेली असते आणि तिची यादी दुसरीकडेही असते. सापडलेली वीट यादीशी जुळवायची, एवढेच काम उरते.

प्रश्न : एवढ्या आगीत सोने वितळत कसे नाही? (ठाणे)

उत्तर : सोने १,०६४ अंश सेल्सिअसला वितळते, चांदी ९६२ ला. उष्णता वर चढते, तळघर खाली असते, आणि मध्ये काँक्रीट असते. आणि वितळले तरी ते जळत नाही. गोळा होऊन थिजते, वजन तेवढेच राहते.

दागिन्यांची गोष्ट वेगळी. बावीस कॅरेटमध्ये तांबे-चांदीचा मेळ असतो, म्हणून ते लवकर मऊ पडते. सांधे जोडणारी झाळ त्याहून आधी वितळून सुटते. म्हणून आगीतून निघालेला गोफ कड्याकड्यांनी सुटा झालेला दिसतो. मोती तर पार बिघडतात. हिरा उघड्या हवेत आठशे-नऊशे अंशांना जळू लागतो. असा दागिना सापडला तर घासू नका. काळी पुटे, माती, वितळलेले काच-प्लास्टिक जसे असेल तसे सराफाकडे न्या, समोर वजन करून टंच (शुद्धता) काढून घ्या. शिसे किंवा जस्त वितळून सोन्यात शिरले असेल, तर नुसत्या रंगावरून ते कळत नाही.

प्रश्न : दुकानाला आग लागली, तिजोरी शाबूत दिसते. ती लगेच उघडावी का? (नाशिक)

उत्तर : मुळीच नाही. १८ एप्रिल १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपानंतर तीन-चार दिवस शहर जळत होते. बँकांच्या पोलादी तिजोऱ्या उभ्या राहिल्या, पण त्या निवायला आठवडे लागले. ज्यांनी घाई केली, त्यांच्या नोटा आणि वह्या दार उघडताच भडकल्या. कारण साधे आहे. आत कागद करपण्याइतका तापलेला असतो, पण प्राणवायू संपलेला असतो. दार उघडले की हवा शिरते आणि राहिलेले काम पुरे करते. जो थर बाहेरची आग आत येऊ देत नाही, तोच आतली धग बाहेरही जाऊ देत नाही. म्हणून बाहेरचा पत्रा थंड लागला, तरी आत थंड असेलच असे नाही.

काय करावे : तिजोरीवर पाणी मारू नका. पाणी फटीतून आत गेले, तर कागद भिजतात आणि वाफ होते. ढिगारा बाजूला करून तिच्या चारही बाजूंनी हवा खेळू द्या. पत्रा हाताला थंड लागल्यावरही लहान तिजोरी निदान दोन-तीन दिवस तशीच ठेवा, मोठीला त्याहून जास्त. गॅस कटर चालवू नका, भोक पाडणाऱ्या कारागिराला बोलवा. पंचनामा आणि विमा सर्व्हेअर यांच्याशिवाय दाराला हात लावू नका. अग्निरोधक तिजोरीच्या भिंतीतला जिप्समसारखा माल तापल्यावर पाणी सोडतो, म्हणून आतले ओले निघाले तर ती चोरी किंवा गळती नव्हे. कागद सावलीत, सुटे करून वाळवा.

सॅन फ्रान्सिस्कोतली टांकसाळ मात्र त्या आगीतून वाचली. कर्मचाऱ्यांनी आणि सैनिकांनी आतल्या विहिरीचे पाणी मारून तासन्‌तास आग थोपवली. त्या वेळी आत सुमारे ३० कोटी डॉलरचे सोने आणि नाणी होती.

प्रश्न : दगडमातीचे घर पडले तर दागिने कसे शोधावेत? (औसा, जि. लातूर)

उत्तर : ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने दाखवले की जाड दगडी भिंती आणि मातीचे छत खाली आले की घराचा नुसता ढीग होतो. उभ्या राहिलेल्या भिंतीला टेकू दिल्याशिवाय आत जाऊ नका. जेसीबीने सरसकट उपसा केला की सगळी खोली एक होते. आधी उंबरा, चूल, उतरंड, कोनाडा यांच्या खुणा धरून खोल्यांच्या जागा आखा. प्रत्येक खोलीची माती वेगळी ठेवा. ती आधी बोटभर भोकाच्या चाळणीतून, मग बारीक चाळणीतून काढा. उरलेली बारीक माती परातीत पाणी घालून गोल फिरवा, हलकी माती काठावरून सांडू द्या. मातीपेक्षा सोने सहा-सात पट जड असते, ते तळाशी बसते. झारेकरी सराफाच्या केराला हेच करतात. नथीचा तार-तुकडाही यात सुटत नाही.

दुसऱ्याच्या घराच्या मातीत सापडलेले सोने आपले होत नाही. मालक माहीत नसलेला पुरलेला ऐवज मिळाला, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. किती किमतीपुढचा ऐवज कळवायचा, याची कायद्यातली मर्यादा आजही दहा रुपयांचीच आहे.

प्रश्न : बँकेची इमारत पडली किंवा पुराचे पाणी लॉकरमध्ये शिरले तर भरपाई मिळते का? (चिपळूण)

उत्तर : दोन्हींचे नियम वेगळे आहेत. रिझर्व्ह बँकेचे सुधारित नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू आहेत. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक, यात बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत. भाडे ३,००० रुपये असेल, तर ३ लाख. भूकंप, पूर, वीज अशा नैसर्गिक आपत्तीत बँकेच्या निष्काळजीपणाशिवाय नुकसान झाले, तर जबाबदारी नाही. तुमच्या लॉकरमध्ये काय आहे, हे बँकेला माहीत नसते आणि ती त्याचा विमाही काढून देत नाही.

म्हणून दागिन्यांचा विमा वेगळा काढा. प्रत्येक डागाचे वजन, फोटो, पावती आणि हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकी एचयूआयडी क्रमांक लिहून ठेवा. सोनाराकडून घेतलेल्या नव्या दागिन्यावर १ एप्रिल २०२३ पासून तो सक्तीचा आहे. जुन्या दागिन्यावर तो नसेल, तर वजन आणि दोन बाजूंचे जवळून घेतलेले फोटो लावा. ही यादी लॉकरमध्ये ठेवू नका, दुसऱ्या गावी राहणाऱ्या नातेवाइकाकडे एक प्रत द्या. किमती सामान प्लास्टिकच्या झाकणबंद डब्यात घालून मगच लॉकरमध्ये ठेवा. पुराचा गाळ बारीक नक्षीत बसला, तर तो काढताना खडे सुटतात.