वाचकांचे प्रश्न : शाळेतले ग्रंथालय

प्रश्न : मी परभणी जिल्ह्यातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत सहशिक्षिका आहे. शाळेला ग्रंथपालाचे पद मंजूर नसल्यामुळे यंदा ग्रंथालयाचा पदभार माझ्याकडे आला आहे. पुस्तके बरीच आहेत, परंतु एखादे हरवल्यास भरपाई आपल्याकडून घेतली जाईल या धास्तीने ती आजवर कुलपातच राहिली. मुलांना पुस्तके द्यावीत असे मनापासून वाटते, पण धीर होत नाही. काय करावे?
(एक शिक्षिका, जिंतूर तालुका)

उत्तर : आपली धास्ती खरी आहे, आणि माझ्या मते आपल्याकडची निम्मी शालेय ग्रंथालये पैशाअभावी नव्हे, तर याच धास्तीमुळे बंद आहेत. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे जे पाच सिद्धांत मांडले, त्यांतला पहिलाच ‘ग्रंथ उपयोगासाठी आहेत’ असा आहे, आणि वापरातल्या वस्तूची थोडी झीज, थोडी हानी होणारच, हे त्यात गृहीत आहे. केंद्र शासनाच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतही हे मान्य केलेले आहे. त्यांतील नियम २१५ नुसार वर्षभरात वाचकांना दिलेल्या वा त्यांनी हाताळलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकांची हानी वाजवी समजली जाते, मात्र तिच्यामागे अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसावा. हे नियम आपल्या शाळेला थेट लागू नाहीत, तरीही मुख्याध्यापक आणि शाळा समितीसमोर बोलताना हे तत्त्व आपल्याला निश्चित आधार देईल.

प्रथम पदभार रीतसर घ्यावा. दाखल नोंदवही समोर ठेवून प्रत्यक्ष पुस्तके मोजावीत, जी सापडत नाहीत त्यांची वेगळी यादी करून तिच्यावर मुख्याध्यापकांची स्वाक्षरी घ्यावी, आणि वाळवी किंवा कसर लागून निकामी झालेल्या पुस्तकांच्या निर्लेखनाचा, म्हणजे ती नोंदवहीतून रीतसर कमी करण्याचा, प्रस्ताव त्याच वेळी समितीपुढे ठेवावा. एवढे झाले की मागच्यांची तूट आपल्या माथी येत नाही. हरवलेल्या पुस्तकाबद्दल तेच किंवा तेवढ्याच मोलाचे दुसरे पुस्तक घ्यावे, असा ठराव समितीकडून करून घ्यावा. परंतु ज्या घरी तेही शक्य नाही, त्या मुलाकडून दुसऱ्या पुस्तकांना कव्हर घालून घेतले तरी पुरे, अशी सवलत त्या ठरावात अवश्य असावी. दंडाच्या भीतीने गरिबाघरचे मूल पुस्तकाला हातच लावत नाही, आणि त्यालाच त्याची गरज अधिक असते.

यानंतर कपाटे उघडावीत. मोठ्या ग्रंथालयांत पुस्तकांवर विषयानुसार घालतात ते दशांश वर्गीकरणाचे क्रमांक लहान शाळेत नसले तरी चालते. विषयवार रंगीत कागदाच्या पट्ट्या पुस्तकांच्या पाठीवर चिकटवल्या की सातवीतला मुलगाही पुस्तक जागच्या जागी ठेवतो. देवघेवीचे काम आठवी-नववीच्या मुलामुलींकडे सोपवावे. हाताखाली वही आली की तीच मुले पुस्तकांची राखण आपल्यापेक्षा कसोशीने करतात. मुख्य म्हणजे वाचनाची तासिका वेळापत्रकातच असावी. ‘शाळा सुटल्यावर या’ असे सांगितले, तर मानव विकास कार्यक्रमातून विद्यार्थिनींसाठी चालणाऱ्या बसने वाडी-तांड्यावर परतणाऱ्या मुली कायमच्या वगळल्या जातात. त्यांची बस पुस्तकासाठी थांबत नाही.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. ती शाळेतून सतत कथा, चरित्रे, प्रवासवर्णने आणते. पुढील वर्षी दहावी असल्याने हे अवांतर वाचन थांबवावे का?
(एक पालक, अंबाजोगाई)

उत्तर : कृपया थांबवू नये. दहावीच्या मराठीच्या प्रश्नपत्रिकेतले स्वमताचे प्रश्न आणि उपयोजित लेखन पाठांतराने साधत नाही. स्वतःची चार वाक्ये सलग लिहिण्यासाठी कानामनात अनेकांची वाक्ये मुरलेली असावी लागतात. पण मी केवळ गुणांसाठी हे सांगत नाही. निजामी राजवटीत आपल्या भागात माध्यमिक शिक्षणाचे माध्यम उर्दू होते, आणि मराठी मुलांना स्वभाषेतले वाचन खासगी मराठी शाळांत आणि गावोगावच्या वाचनालयांत शोधावे लागे. स्वामी रामानंद तीर्थ यांनी हिप्पर्ग्यात आणि नंतर आपल्याच अंबाजोगाईत शिकवले, ते अशाच शाळांमध्ये. नेमलेल्या पुस्तकांपलीकडे वाचणारी पिढी मराठवाड्यात मुक्तिसंग्रामाच्या काळात उभी राहिली. आपली मुलगी त्याच वाटेवर आहे असे मी समजतो. परीक्षेच्या आधीचे दोन महिने ती आपणहून वाचन कमी करील. तोवर रात्री झोपण्यापूर्वीचा अर्धा तास तिचा तिला राहू द्यावा.

प्रश्न : आमच्या शाळेतील काही मुले दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. त्यांना ग्रंथालयाचा लाभ कसा द्यावा?
(एक मुख्याध्यापक, बीड जिल्हा)

उत्तर : आठ दिवसांत पुस्तक परत करण्याचा नियम या मुलांसाठी शिथिल करावा आणि निघण्यापूर्वी प्रत्येकाच्या हाती चार-पाच पुस्तकांचा गठ्ठा द्यावा. त्यात ‘किशोर’चे जुने अंक असावेत, कारण फडाशेजारच्या कोपीत उजेड कमी आणि अंगावर कामे फार, तेथे लहान लहान मजकूरच वाचून होतो. सोबत लहान भावंडांसाठी एक चित्रमय पुस्तक द्यावे. आई फडात असताना बहुधा थोरलीलाच धाकट्यांना सांभाळावे लागते आणि ती ते मोठ्याने वाचून दाखवू शकते. गठ्ठा प्लास्टिकच्या जाड पिशवीत बांधावा. नोंदवहीत परतीची तारीख न लिहिता ‘हंगामाअखेर’ असा शेरा मारावा. एखादे पुस्तक भिजून किंवा फाटून परत आले, तर मुलाला रागावू नये; त्याची नोंद निर्लेखनाच्या यादीत करावी आणि पुढच्या दिवाळीत त्याला पुन्हा गठ्ठा द्यावा.